शेवट ठरलेला असताना

‘गर्ल्स लास्ट टूर’ ही 2017 सालची 12 भागांची जपानी अॅनिमेशन मालिका. ‘त्सुकुमिझु’ या टोपणनावाने काम करणाऱ्या कलावंताच्या चित्रकथेवर ती आधारलेली असून तिचे दिग्दर्शन ताकाहारू ओझाकी यांनी केले आहे. चितो आणि युरी या दोन मुली ‘केटेनक्राड’ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बनावटीच्या गाडीवरून थरांवर थर रचलेल्या एका ओसाड शहरात फिरतात. सगळीकडे बर्फ, काँक्रीट आणि गंजलेली शस्त्रे. अन्न आणि इंधन सापडेल तेवढेच. माणसे जवळजवळ संपली आहेत आणि जग पुन्हा उभे राहील असे कथेत कुठेही सुचवलेले नाही.

माणसाच्या धडपडीला अर्थ येतो तो भविष्यामुळे, असे सहसा गृहीत धरले जाते. घर पुढच्या पिढीसाठी बांधायचे, पुस्तक उद्याच्या वाचकासाठी लिहायचे. ही मालिका तो उद्याच काढून घेते आणि मग काय उरते ते पाहते.

मुलींना भेटणारा कानाझावा नावाचा माणूस या शहराचा नकाशा काढत असतो. उंच मनोऱ्यावर चढताना लिफ्ट कलते आणि सारे नकाशे खाली विखुरतात. आता जगायचे कशासाठी, असा त्याचा आक्रोश असतो. वर पोहोचल्यावर मात्र समोर दिव्यांनी उजळलेले शहर पसरलेले दिसते. अर्थ नसला तरी अधूनमधून काही चांगले घडतेच, असे युरी त्याला सांगते. निरोप घेताना तो आपला कॅमेरा मुलींना देतो.

इशी ही बाई एकटीने विमान बांधत असते. ते उडते, पण हवेतच मोडते. पॅराशूटने खाली जाताना तिच्या चेहऱ्यावर हसू असते. हे यश नव्हे आणि मालिका त्याला यश म्हणतही नाही. मात्र विमान पडले म्हणून ते बांधण्यात घालवलेला काळ फुकट गेला, हा निष्कर्षही ती नाकारते. कामाचे फळ आणि कामाचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट होते.

मराठी वाचकाला यावरून निष्काम कर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण साम्य अर्धेच आहे. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते. ही पात्रे आसक्त आहेत, हरल्यावर कळवळतात, तरीही पुढचे पाऊल टाकतात. या बाबतीत ती फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूच्या 1942 मधल्या ‘द मिथ ऑफ सिसिफस’ या निबंधाला अधिक जवळची आहेत: जग उत्तर देत नाही हे मान्य करूनही जगणे नाकारायचे नाही. मात्र तोच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलणारा काम्यूचा सिसिफस एकटा आहे, या मुली दोघी आहेत. एका भागात पाऊस लागतो. शिरस्त्राणांवर आणि डब्यांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे आवाज त्या ऐकतात, आणखी भांडी मांडतात आणि त्यातून संगीत जमून येते. युरी नसती तर चितोला तो आवाज केवळ गळती वाटला असता.

मालिका निराशेला खोडून काढत नाही, तिच्याशी मैत्री करायला सांगते. अर्थ जगाच्या शेवटी बक्षीस म्हणून ठेवलेला नसतो. लक्ष देऊन केलेल्या कामात आणि शेजारी बसलेल्या माणसात तो तयार होत असतो. त्याला टिकाऊपणाची हमी लागत नाही.