खाट उचलणारे चौघे

(मार्क 2:1–12)

प्रियजनहो, कफर्णहूमातील पक्षघाती मनुष्याची कथा आपणांस ठाऊक आहे. चौघांनी त्यास खाटेवर घालून आणिले आणि गर्दीमुळे वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटून प्रभूपुढे उतरविले. बरे करणारा प्रभूच होता. परंतु खाट उचलणारे शेजारी होते. प्रभूने त्यांचाही विश्वास पाहिला. ते घरी प्रार्थना करीत बसले नाहीत. त्यांचा विश्वास त्यांच्या खांद्यावर दिसला.

कित्येक बंधू म्हणतात, डॉक्टराकडे जाणे हे अविश्वासाचे लक्षण होय. आम्हांस हे शास्त्राप्रमाणे वाटत नाही. लूक हा स्वतः वैद्य होता.

1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य नगर जिल्ह्यातील जामखेड येथे आले. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहावयास मिळेनात, तेव्हा त्यांनी गावच्याच बायांस शिकविले. त्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक अस्पृश्य मानिलेल्या जातींतील होत्या. त्या गर्भिणींची काळजी घेऊ लागल्या, मुलांची वजने करू लागल्या, जुलाबावर साखरमिठाचे पाणी देण्यास आयांस शिकवू लागल्या. बालमृत्यू पुष्कळ घटले. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाने जिला टाकाऊ मानिले, तिच्याच हातून देवाने गाव राखिला.

2005 साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने गावोगावी आशाताई आल्या. साधारण हजार वस्तीस एक. परंतु एकटी आशाताई म्हणजे खाटेचा एकच कोपरा. दुसरा कोपरा ग्रामपंचायतीचा, तिसरा घरच्यांचा, आणि चौथा, बुलढाणे जिल्ह्यातील मंडळ्यांनो, तो आपला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील दूरच्या वस्तीत रात्री बाईस कळा सुरू झाल्या, तर तो कोपरा कोण धरील?

म्हणून उपदेशकांनी लसीकरणाचा दिवस रविवारच्या भक्तीत सांगावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्यास थुंकी तपासण्यास पाठवावे. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात. जुलाब झालेल्या लेकरास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजावे, व अशक्तपणा दिसताच उपकेंद्रात न्यावे. प्रत्येक गर्भिणीसाठी गाडी कोणाची, सोबत कोण, हे आधीच ठरवावे. रोगी कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे विचारू नये. त्या चौघांनीही विचारल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही.

प्रार्थना अवश्य करावी. पण खाट उचलून करावी. प्रभू आपल्या खांद्यांस बळ देवो. आमेन.