हाजीर

ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि खाली बसलो, एवढीच गोष्ट आहे. मधे फार तर दोन मिनिटं गेली असतील. पण ती दोन मिनिटं माझ्या मनातून अजून गेली नाहीत.

15 ऑगस्टची सभा होती. झेंडा झाला, लेकरांना बिस्किटं वाटून झाली, आणि शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकून माणसं बसली. आमच्या जिवतीच्या पहाडावर त्या दिवसांत झड लागलेली असते, म्हणून सभेला माणसं कमीच. त्याच महिन्यात कोलामगुड्यातल्या एका बाईला पोटात कळा सुरू झाल्या, तिला बाजेवर टाकून चिखलातून डांबरी सडकेपर्यंत आणलं होतं. लेकरू वाटेतच झालं. जगलं, हे नशीब. पण गुड्याकडं जाणारा पाणंद रस्ता कागदावर झालेला आहे, असं माझ्या कानावर आलं होतं. मी उभा राहून विचारलं, "हा रस्ता हाय कुठं? पैसे किती आले, कुणाकुणाला गेले, तेवढं वाचून दाखवा."

ग्रामसेवक वही चाळायला लागला. सरपंचाच्या बाजूला बसलेला एक कार्यकर्ता हसत म्हणाला, "काका, इलेक्शनच्या आदल्या रात्री तुमच्या घरी पोचलं होतं ना? मग आता कशाचा हिशेब?"

लोक हसले. मी खाली बसलो.

पोचलं होतं, हे खरं. त्या रात्री मी शेतात जागलीला होतो, तुरीत रानडुकरं शिरायची. घरात दोन मतं, म्हणून पाचशेच्या दोन नोटा. आमच्या कारभारणीनं त्या घेतल्या. एकीतून किराणा दुकानाची उधारी फेडली आणि दुसरी फवारणीच्या औषधाला गेली. ते औषध मीच मारलं, म्हणजे खाल्लं मीही.

घरी येऊन मी तिच्यावर आवाज चढवला. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "पैसे घेतले म्हणून मत त्यालाच दिलं का म्या? आन् ते पैसे काय त्याच्या घरचे व्हते? रस्त्याचेच असतील. आपलेच आपल्याला आले. तुमी खाली कामून बसलात, ते सांगा."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायदा म्हणतो, मतासाठी पैसा देणारा गुन्हेगार आणि घेणारासुद्धा. ते मला मान्य आहे. पण गुन्हा केलेल्या माणसाचा हिशेब मागायचा हक्क जातो का? दोन नोटांत गुड्याचा रस्ता विकला गेला का? तो रस्ता माझा तरी होता का विकायला?

आम्ही ह्या पहाडाचे मूळचे नाही. 1972 च्या दुष्काळात नांदेड जिल्ह्यातून निघालो, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. निघायच्या आधी माय-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पगाराच्या दिवशी मुकादम हजेरीपट काढून नावं ओरडायचा आणि माणसं 'हाजीर' म्हणायची. आम्ही पोरं दगडांच्या ढिगावर बसून ऐकायचो. त्यात नसलेल्या माणसांचीही नावं यायची, आणि कुणीतरी हाजीर म्हणायचंच. एकदा माझ्या वारलेल्या चुलत्याचं नाव आलं. माझा बाप हाजीर म्हणाला. पैशात मुकादमाचा वाटा होता, उरलेले घरी आले. बापानं ही गोष्ट कधी लपवली नाही आणि मिरवलीही नाही. म्हातारपणी एवढंच म्हणाला, "पोटाला लागत व्हतं म्हून म्हनलो. पन आवाज निघाला न्हाई."

त्याच दुष्काळी कामांतून पुढं महाराष्ट्रानं 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. 2005 मध्ये दिल्लीनं सगळ्या देशासाठी तसा कायदा केला, आणि झालेल्या कामाची तपासणी ग्रामसभेनं करायची असं त्यात लिहिलं. कोणत्या ग्रामसभेनं? ज्यांनी नोट घेतली नाही त्यांनीच, असं त्यात कुठंही नाही. म्हणजे विचारायचा हक्क माझ्या चांगुलपणावर टांगलेला नव्हता. तो तसाच होता. माझाच आवाज निघाला नाही, बापासारखा.

आमच्याकडं ह्याला मिंधेपण म्हणतात. पहाडावर मिंधं व्हायला फार काही लागत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या शेताला अजून सातबारा नाही. वनहक्काचा कायदा बिगर आदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा मागतो. 1972 ला आलेल्यानं तो कुठून आणायचा? सातबारा नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही. जातीच्या दाखल्याला मूळ गावचा कागद लागतो. प्रत्येक कामाला कुणीतरी मधला माणूस धरावा लागतो, आणि तो मधला माणूसच इलेक्शनच्या आदल्या रात्री दारात येतो. त्याला नाही म्हणणं शहरात बसून वाटतं तेवढं सोपं नाही. हे सफाई म्हणून सांगत नाही, जसं आहे तसं सांगतो.

माझी धाकटी बहीण सीमेवरच्या चौदा गावांपैकी एका गावात दिलेली आहे. राजुऱ्याचा हा सगळा मुलूख निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 ला तो नांदेड जिल्ह्यात आला आणि 1959 ला चांदा जिल्ह्यात. रेघा ओढताना ही गावं दोघांच्याही नकाशात राहिली. आधी आंध्र, आता तेलंगणा, आणि इकडं आपला महाराष्ट्र, दोघंही ती आपली म्हणतात. तिथं राशन कार्डं दोन, सरपंच दोन, मराठी शाळा वेगळी आणि तेलुगू वेगळी, मतदार याद्या दोन. 2019 च्या लोकसभेला दोन्हीकडचं मतदान एकाच दिवशी, 11 एप्रिलला आलं. 2024 ला चंद्रपूरचं 19 एप्रिलला आणि आदिलाबादचं 13 मे ला. पेपरात बातमी येते, शहरातली माणसं हसतात की मजा आहे बुवा, दोन-दोन सरकारं.

मीही एकदा बहिणीला तसंच म्हणालो. ती म्हणाली, "दादा, देनारे दोन हायत, ऐकनारा एक बी न्हाई." जमिनीचा पट्टा मागितला की हे त्यांच्याकडं बोट दाखवतात आणि ते ह्यांच्याकडं. मी विचार केला, की दोन्ही सरकारं तिथं देतात ते गाव आपलं आहे हे दाखवायला. असं दिलेलं घेतलं की घेणाऱ्याला देणं लागत नाही, उलट घेणाराच देणं लागतो. माझ्या घरी आलेल्या नोटांचंही तेच झालं. रस्ता माझं येणं होता, नोट घेतल्यावर मीच देणेकरी झालो.

आणि हे काय फक्त पाचशेत होतं असं नाही. 2018 पासून निवडणूक रोखे नावाची सोय होती. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा स्टेट बँकेतून घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. कुणी कुणाला किती दिले हे मतदाराला कळायची सोय नव्हती. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली. बँकेनं माहिती द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे तोवर लोकसभेचं मतदान उरकलं असतं. कोर्टानं ती दिली नाही, आणि मार्चमध्ये नावं बाहेर आली. पाच वर्षांतले बारा हजार कोटींच्या वरचे रोखे. मी ते पेपरात वाचलं आणि मला आमचा कार्यकर्ता आठवला. माझ्या हजार रुपयांचा हिशेब त्याला तोंडपाठ होता, भर सभेत त्यानं तो वाचला. ह्या मोठ्या देणाऱ्या-घेणाऱ्यांना मात्र तेवढी वर्षं कुणी सभेत विचारू शकत नव्हतं, "तुमच्या घरी पोचलं होतं ना?"

असो. मी माझ्या गावाचं सांगत होतो.

राजस्थानात अरुणा रॉय आणि त्यांच्या मजूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून एक साधं काम केलं. सरकारी कामाचे हजेरीपट मिळवायचे आणि गावात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. माहिती अधिकाराच्या कायद्यामागं त्या वाचनाचा मोठा हात आहे. हे मी वाचलं तेव्हा मला दगडाच्या ढिगावरचा मुकादम आठवला. नावं तर आमच्याकडंही मोठ्यानंच वाचत होते. फक्त ऐकणारे सगळे कामावरचेच होते, आणि सगळ्यांना पोटाची पडलेली होती.

कोलामगुड्यातल्या आश्रमशाळेत बारावी झालेल्या एका पोरानं मला जोडपत्र 'अ' भरून दिलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तीस दिवस गेले, काही आलं नाही. अपील केलं. मग दोन रुपये पानाप्रमाणं पैसे भरून कागद मिळाले. ओसरीवर बसून पोरगं एकेक नाव वाचू लागलं. कुणी पुण्याला गेलेला, कुणी अंथरुणावर पडलेला. वाचता वाचता ते थांबलं आणि माझ्याकडं बघायला लागलं.

माझं नाव होतं. बारा दिवसांची हजेरी.

मग आठवलं. त्या उन्हाळ्यात गावातल्या एका माणसानं मला बोलावून मशीनवर अंगठा लावायला सांगितला होता आणि तीनशे रुपये हातात दिले होते. "अनुदान आलंय काका, बाकी कपात झाली." मी कशाचं अनुदान, हे विचारलं नाही. विचारलं तर तीनशेही जातील असं वाटलं असेल. बापाच्या घरात त्या आठवड्याला दाणा नव्हता. माझ्या घरात होता.

ते कागद मी दोन महिने पेटीत ठेवले. मधे गावातल्या काही जणांबरोबर मेंढा (लेखा) बघायला गेलो, गडचिरोलीत धानोऱ्याच्या अलीकडं. त्या गावाला 2009 ला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांच्या संमतीनं होतात. परत येताना गाडीत कुणीतरी म्हणालं, आपल्याला जमणार नाही, ते एका जातीचं गाव, आपण पाच तालुक्यांतून आलेले. त्यात खरं आहे. पण मला वाटलं, आपल्याला जमत नाही त्याचं कारण माझ्या पेटीत पण आहे.

26 जानेवारीच्या सभेत मी कागद घेऊन उभा राहिलो आणि पहिलं माझंच नाव वाचलं. आणि हाजीर म्हणालो. आधी हशा झाला. मग दुसरं नाव वाचलं, तेव्हा कुणी हसलं नाही. तोच कार्यकर्ता म्हणाला, "मग काका, परत करा पैसे." मी म्हणालो, खात्यावर आलेले सगळे बारा दिवसांचे भरतो, मिळाले तीनशेच, पण भरतो सगळे, पावती द्या. पावती कोणत्या नावानं फाडायची हे ग्रामसेवकाला कळेना. आणखी दोघं उठून म्हणाले, आमचंही नाव खोटं आहे. तिसरा उठत होता, त्याच्या बायकोनं सदरा ओढून त्याला खाली बसवलं. मला तिचा राग आला नाही.

मग गुड्यातला एक म्हातारा कोलाम, जो कधी सभेत बोलत नाही, तो बसल्या जागेवरून म्हणाला, "आमची जुनी वाट बैलगाडीची होती. ती तुमच्या बापांनी नांगरली. तेबी त्या कागदात लिवा."

ते कुठल्याच कागदात नव्हतं. आमचा धुरा त्या वाटेत किती आत आलाय हे मला माहीत होतं. बापानं थोडा सारला, मी थोडा सारला. रस्त्याचे पैसे खाणाऱ्याचं नाव मी मोठ्यानं वाचत होतो, आणि रस्त्याची जागाच आमच्या तुरीखाली होती.

चौकशीचा अर्ज तालुक्याला गेला, अजून तिथंच आहे. पुढच्या उन्हाळ्यात नाल्यापर्यंत मुरूम पडला, नाल्याच्या पलीकडं नाही. मी माझ्या बाजूनं नांगराची चार तासं सोडली. शेजारच्या धुरेकऱ्यानं सोडली नाहीत, त्यामुळं त्या चार तासांत आता नुसतं गवत उगवतं.

पुढची निवडणूक आली. आदल्या रात्री पोरगं दारात आलं, ह्या वेळी मी घरी होतो. पण मी तोंड उघडायच्या आधी कारभारीण पुढं झाली. म्हणाली, "दे बाबा. पन यादी आन. कुनाकुनाला किती दिले ते लिव, म्या सही करते." पोराला आधी मस्करी वाटली. मग ते मागच्या पावली निघून गेलं, आणि आमच्या बोळातल्या पुढच्या चार घरांनाही गेलं नाही.

त्यातल्या एका घरची बाई अजून आमच्या कारभारणीशी बोलत नाही. तुमच्यामुळं माझी नोट बुडाली, असं ती हापशीवर सगळ्यांना सांगते. त्या आठवड्यात तिचं लेकरू तापानं फणफणलेलं होतं आणि गडचांदूरला दवाखान्यात न्यायचं होतं. कारभारीण तिला दोनशे रुपये द्यायला गेली, तिनं ते घेतले नाहीत.