फुकटचा टी-शर्ट

आमच्या कपाटात एक निळा टी-शर्ट आहे. छातीवर एका कंपनीचे चिन्ह, पाठीवर आभाराचा शब्द. आम्ही तो कधी घातला नाही, कुणाला देऊनही टाकला नाही.

२००६ साली देवनागरी टंकलेखनाचे एक सॉफ्टवेअर विक्रीला यायचे होते. त्याआधी मराठी लिहिणाऱ्यांकडून ते तपासून घ्यावे, म्हणून कंपनीने काही शिक्षकांना सीडी पाठवल्या. त्यांत आम्हीही होतो. दोन महिने रात्रीची जेवणे झाली की आम्ही दोष शोधत बसायचो. कोणती कळ दाबली, काय उमटायला हवे होते, काय उमटले, असे तीन रकाने भरायचे. मोठा दोष निघाला तो 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'चा. हिंदीला हा आडवा अर्धा 'र' लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कामात मराठीची इथे अडचण होते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या पडद्यावर अक्षर नीट दिसे, पण मजकूर छपाईच्या पानात नेला की 'र'चा रफार होऊन बसे. आम्ही तसे कळवले.

काही दिवसांनी पार्सल आले. टी-शर्ट, चहाचा कप आणि सॉफ्टवेअरची पूर्ण प्रत, फुकट. घरात ईदी आल्यासारखा आनंद झाला. नवी प्रत लावून पाहिली तर दोष होता तिथेच होता. पुन्हा पत्र लिहायला हवे होते. लिहिले नाही. ज्यांनी एवढ्या आपुलकीने भेट पाठवली, त्यांना लगेच उणे काय दाखवायचे, असे वाटले.

त्याच सुमारास एका छापखानेवाल्या स्नेह्याने विचारले, "सर, तुम्ही वापरलंय म्हणं ते. घेऊ का?"

"घ्या की. चांगलं आहे," आम्ही म्हणालो.

त्यांनी घेतले, आणि पहिल्याच महिन्यात लग्नाच्या चारशे पत्रिका छापल्या. नवरदेव कऱ्हाडचा. चारशेही पत्रिकांवर गावाच्या नावात 'ह'च्या डोक्यावर रफार. घाईत कुणाच्या लक्षात आले नाही. आले ते मुलीच्या वडिलांच्या. स्नेह्याने पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिल्या. आमच्यावर ठपका ठेवला नाही. उलट म्हणाले, "तुमच्या पण नजरेला आलं नसंल."

तेव्हापासून प्रश्न पडला आहे की त्या पार्सलने आमचे काय विकत घेतले? मेहनत म्हणावी तर ती आम्ही आधीच, न मागता दिली होती. जकात वसूल करून आलेल्या त्या अंमलदाराची हदीस आपल्याला माहीत आहे. हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले, असे त्याने ढीग वेगळे केले. तेव्हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट आली असती का, असे त्याला विचारले गेले. आम्ही स्वतःची समजूत घालायचो की तो नेमलेला माणूस होता, आम्हांला कुणी नेमले नव्हते. पण दोष शोधणाऱ्याकडे कुणाची तरी अमानत असतेच. ती कंपनीची नसते, उद्या ती वस्तू पैसे देऊन घेणाऱ्याची असते.

भेट लहान की मोठी, यावरच बहुधा वाद होतो. २०१३ साली याहूने सुरक्षेतले दोष दाखवणाऱ्यांना दोषामागे साडेबारा डॉलरचे कूपन दिले, तेही कंपनीच्याच दुकानात चालणारे. हसे झाल्यावर दीडशे ते पंधरा हजार डॉलरची बक्षिसे ठरली. ते योग्यच झाले, कारण कष्टाचे मोल व्हावे. पण २००६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट आणि एएमडीने व्हिस्टा घातलेले महागडे लॅपटॉप आंतरजालावर लिहिणाऱ्या काहींना पाठवले, तेव्हा बोभाटा उलट्या कारणाने झाला. लोकांना शंका आली ती शब्दाची. आमचा शब्द तर एका कपात गेला.

प्राध्यापक डोनाल्ड नुथ यांची रीत आम्हांला आवडते. त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत. पुष्कळांनी तो वटवलाच नाही, चौकटीत लावला. २००८ पासून बँकेतल्या फसवणुकीच्या भीतीने ते खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले, तरी त्याचा मान कमी झाला नाही. तिथे बक्षीस चुकीसाठी असते. दुसरी चूक सापडली तर दुसरे मिळते. गप्प राहून काही मिळत नाही. आमच्या पार्सलात असे काही लिहिले नव्हते, हे खरे. गप्प राहा, असेही लिहिले नव्हते. ते आम्हीच वाचले.

गेल्या वर्षी त्या स्नेह्याला सगळे सांगितले आणि चारशे पत्रिकांचे पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले, मग नव्या संगणकाकडे बोट करून म्हणाले, "यात बघा बरं, सर." आम्ही बसलो आणि कऱ्हाड लिहिले, मग दऱ्या.