एक टक्का आणि तंजावरचं छत्र

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी परवा एका परिसंवादात अनाथ मुलांचा प्रश्न सोडवून टाकला. आरक्षण मिळालंय, आता रडगाणं पुरे. अठरा पूर्ण म्हणजे सज्ञान, पुढचं ज्याचं त्याने बघावं. टाळ्याही पडल्या. स्नेह्यांचे चिरंजीव सव्विसाव्या वर्षी वडिलांच्या पैशावर परदेशात दुसरी पदव्युत्तर पदवी घेत आहेत, ही गोष्ट वेगळी.

आरक्षण मिळालं हे खरंच. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे स्पर्धा परीक्षेत प्रमाणपत्रावाचून अडली, तिने थेट मुख्यमंत्र्यांना गाठलं आणि २०१८ साली महाराष्ट्राने शिक्षणात व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. २०२१ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. पण अनाथ असल्याचा दाखला कुणाला? ज्याचे आईबाप मेले तो अनाथ, ज्याला टाकून दिलं तो ‘परित्यक्त’, असा कीस सरकारी वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात पाडला. २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने तो मोडीत काढून दोन मुलींना दाखले देववले. आईबापांनी टाकलं, हे सरकारच्या लेखी पुरेसं अनाथपण नव्हतं!

बरं, दाखला मिळाला, प्रवेशही झाला. मग मेसचे पैसे, अनामत रक्कम. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहाची मेस बंद होते, मुलं बॅगा उचलून गावी जातात. ज्याला गावच नाही त्याने जायचं कुठे? शैक्षणिक कर्ज काढावं म्हटलं, तर अर्जावर आईवडील किंवा पालक सहकर्जदार लागतात.

बालन्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर संस्थेबाहेर पडलेल्या मुलांना मदतीची, सोय आहे, नाही असं नाही. ती एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसापर्यंत. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली महिना चार हजार रुपये. आता हिशेब करा. संस्थेत येण्याआधी दोन वर्षं रस्त्यावर गेलेलं मूल बारावी होतं विसाव्या वर्षी. तिथून एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. म्हणजे अपवादातला अपवाद मंजूर झाला, तरी अर्धा डॉक्टर रस्त्यावर.

स्नेह्यांचं म्हणणं, राज्यसंस्थेने पालक व्हावं ही पश्चिमेकडून आलेली फॅशन आहे. त्यांना मी कुंभकोणमला पाठवू इच्छितो. कुंभकोणमचा कावेरीखोऱ्यातला पट्टा अठराव्या शतकात तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी छत्रं उभारली होती. आपण अन्नछत्र म्हणतो त्याहून ती मोठी: मुक्काम, जेवण, वैद्य, वेद शिकवणारे गुरुजी आणि शाळामास्तर, सगळं एका आवारात. जानेवारी १८०१ मध्ये तंजावरच्या सरफोजीराजांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला छत्रांची रीत पत्रातून कळवली. परक्या यात्रेकरूंची पोरकी मुलं शाळामास्तराच्या हवाली करायची. त्यांना तीन वेळ जेवण, कपडे, आजारपणात औषध. दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालायचं. मुलाचा ओढा असेल ती विद्या त्याला शिकवायची आणि ती चांगली अवगत झाली, की त्याच्या लग्नाचा खर्चही छत्राने करायचा.

त्या न्हाऊ घालण्यापाशी मी दर वेळी थांबतो. राजाने परकीय अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात पोरक्या मुलांच्या डोक्याला तेल लावण्याचं वेळापत्रक! त्याचं कारण सरफोजींच्या चरित्रात असावं. तेही दुसऱ्याच्या छायेत वाढले. १७८७ मध्ये तंजावरच्या तुळजाजीराजांनी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी तुळजाजी वारले. गादी तुळजाजींचा सावत्र भाऊ अमरसिंग याने घेतली, मुलगा जाचात सापडला. जर्मन पाद्री श्वार्ट्झने त्याची राखण केली, शिक्षण दिलं, मद्रासला हलवलं. गादी मिळाली १७९८ साली. पोरकेपण या माणसाला पोथीतून कळलेलं नव्हतं.

इथपर्यंत लिहून स्नेह्यांना चीत केल्याचं समाधान झालं, पण ते टिकत नाही. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता आणि छत्रांचं उत्पन्न आपल्या हातून जाऊ नये, म्हणून राजे लिहीत होते. थोडक्यात, तो दाव्याचा कागद आहे. प्रत्येक छत्रात चौथ्या दिवशी तेल लागतच होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. मुलाचा ‘ओढा’ कशाकडे असू द्यायचा, हेही त्याच्या जातीने बरंचसं आधीच ठरवलं असणार. शिवाय हे पुण्यकर्म. राजाची मर्जी फिरली तर मुलाने दाद मागायची कुणाकडे? अमृता करवंदेला शासन निर्णय तरी मागता आला.

म्हणून छत्र परत आणा, असं मी म्हणणार नाही. तेविसाचे पंचवीस करा, अशी मागणी घेऊन मी हा लेख लिहायला बसलो होतो, तीही आता मागे घेतो. पंचवीस केले तरी कुणीतरी पंचवीस वर्षं एक दिवसाचा निघेलच. सरफोजींच्या पत्रात मुलाच्या वयाचा आकडाच नाही. विद्या पुरी होणं हीच मुदत, आणि संसार मांडून देईपर्यंत जबाबदारी. अशाने पोरं आयुष्यभर बसून खातील, असं स्नेही म्हणतील. त्यावर चिरंजीवांचा पुढचा हप्ता कधी पाठवायचा आहे, एवढंच मी विचारीन.

बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल संस्थेत दाखल होतं, त्या दिवसापासून त्याची जबाबदारी शासनाने घेतलेली असते. तेव्हा बँकेच्या अर्जावर सहकर्जदाराची सही जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याने शासनाच्या वतीने करावी, आणि दाखला जोडलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठांनी शेवटच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत, सुट्ट्या धरून, वसतिगृहात खोली द्यावी. यातल्या कुठल्या कलमाला त्यांचा विरोध आहे, ते स्नेह्यांनी पुढच्या परिसंवादात सांगावं.