टिलरच्या ठिणगीचं गाऱ्हाणं

देवा रवळनाथा, मृग तोंडावर आलाय. नारळांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात हळद लावायची आहे, आणि ती माती फोडणारा टिलर खळ्यात उघडा पडलाय. जुनं पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरचं, दोरी ओढून लावायचं. दंड भरून आले तरी ते धरत नाही. पेट्रोल पोचतंय, प्लग काढावा तर ओलाचिंब निघतो. अडलंय ते ठिणगीपाशी, म्हणून हे गाऱ्हाणं तुझ्या पायाशी घालतो, महाराजा.

चमत्कार नको. चमत्काराने लागलेलं इंजिन पट्ट्याच्या मध्यावर पुन्हा बंद पडतं, आणि मग त्याला विचारणार काय? मला क्रम दे. एका वेळी एकच गोष्ट बदलायचा धीर दे. प्लग नवा, कंडेन्सर नवा, पॉइंट घासलेले, असं सगळं एका दमात केलं आणि इंजिन धडधडलं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही; पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्याचाच खर्च.

फुकटात तपासता येतं ते आधी तपासायची बुद्धी दे. बंद करायच्या बटणाकडून कॉईलकडे एक बारीक वायर जाते. बटण दाबलं की तिने करंट बॉडीला शॉर्ट करायचा आणि ठिणगी मारायची, एवढंच तिचं काम. पण मांगरातल्या उंदराने तिचं वेष्टण कुरतडलं असेल आणि उघडी तार पत्र्याला टेकत असेल, तर बटण न दाबताही इंजिन बंदच. ती वायर सोडून एकदा ठिणगी बघावी, ही आठवण मला कॉईल आणायला बाजारात निघण्याआधी होऊ दे. कॉईलला पैसे पडतात, वायरला चिकटपट्टी पुरते.

प्लग कॅपमध्ये घालून, त्याची बॉडी हेडच्या उघड्या धातूला टेकवून दोरी ओढेन, तेव्हा थोडा काळोख असू दे, म्हणजे ठिणगीचा रंग दिसेल. निळी आणि कडक पडली तर तुझी कृपा. पिवळट, मरतुकडी पडली तर पुढचं काम आहे. आणि ते करताना प्लग भोकापासून लांब धरायचं भान दे. ओव्हर झालेल्या सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. इंजिन लावायला जी ठिणगी कमी पडते, ती भडका उडवायला पुरते.

ही ठिणगी येते कुठून हे आठवलं की माझे हात आपोआप जोडले जातात. इथे बॅटरी नाही. मॅग्नेटचं चाक फिरतं, त्यातलं चुंबक कॉईलजवळून जातं, नेमक्या त्या घडीला पॉइंट उघडतात, जाड तारेतला प्रवाह तुटतो आणि हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत दहा हजार व्होल्टच्या वर दाब उसळतो. चुंबक हलवून वीज निघते हे १८३१ साली मायकेल फॅरडेने दाखवलं. लोहाराचा पोर, आणि आपल्या पंथाच्या रीतीने तुझा पक्का भक्त. १९०२ साली स्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग अशी जोडी जमवली. त्या दोघांचंही भलं कर, ते जिथे असतील तिथे.

आणखी एक गंमत तुझ्या कानावर घालतो. असं मॅग्नेट प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतं, पण चार स्ट्रोकच्या इंजिनाला ती एकाआड एक फेऱ्यालाच लागते. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर सेकंदाला पन्नास ठिणग्या, त्यातल्या पंचवीस धूर बाहेर जाताना वाया. एवढी नासाडी तू चालवून घेतोस, तर दोरी ओढताना माझ्या तोंडून निघालेले चार शब्दही पोटात घाल.

आता मॅग्नेट काढायचं. क्रँकच्या टोकावर हातोडा घालायचा मोह मला होऊ देऊ नकोस; पुलर मागून आणायला लाज कसली! आत पत्र्याच्या झाकणाखाली पॉइंट सापडतील. खाडीवरच्या दमट हवेने त्यांच्यावर राखाडी थर चढलेला असेल, किंवा सीलमधून झिरपलेलं ऑईल असेल. भिंगातून बघताना एकावर बारीक टेकडी आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा दिसला, तर कंडेन्सरवर संशय घ्यायला शिकव, कारण एका पॉइंटवरचा धातू दुसऱ्यावर जाऊन बसतो तो बहुधा त्याच्याच दोषाने. मग नुसते पॉइंट घासले तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा तसेच होणार. पॉलिश पेपर हलका चालव, मागून कोरा कागद फिरवून भुकटी पुसून घे, फिलर गेजने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट ठेव. हात माझे, पण थरथर तू आवर. कॉईल आणि मॅग्नेट यांच्या मधली फट मात्र मी व्हिजिटिंग कार्ड घालूनच लावणार. आमच्या फिटरची ती रीत आहे आणि माझा तिच्यावर विश्वास आहे.

ठिणगी निळी, पेट्रोल बरोबर, तरी इंजिन धरत नाही आणि दोरी हाताला उलटा झटका देते, असं झालं तर मला मॅग्नेटखालच्या छोट्याशा चावीची आठवण दे. नट सैल राहिला की ती थोडीशी कापली जाते आणि टायमिंग सरकतं. ती मऊ धातूची असते ती मुद्दाम, शाफ्ट वाचावा म्हणून. तिथे लोखंडी खिळा ठोकायला सांगणाऱ्या शेजाऱ्याला चहा दे, सुबुद्धी दे आणि घरी पाठव.

एवढं करूनही काही नाहीच, किंवा गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावरच लागायला लागलं, तर कॉईल गेली हे मला मान्य करू दे. जुन्या मालाच्या एखाद्या दुकानात तिची जोडीदारीण माझ्यासाठी शिल्लक ठेव, आणि ती हाती येईपर्यंत पाऊस समुद्रावरच अडवून धर. इंजिन लागलं तर आगरातला पहिला नारळ तुझा. नाही लागलं तरी तो तुझाच, महाराजा. पण मग कुदळ मारायला दोन गडी तरी धाड.