चिंचवडचे देव आणि श्रद्धेचा आधार

धार्मिक श्रद्धेला बुद्धीचा आधार लागतो काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत बहुधा ईश्वराच्या अस्तित्वाच्या सिद्धतेपुरताच चर्चिला जातो. परंतु पवनेच्या काठी, चिंचवड येथे, हाच प्रश्न एका घराण्याच्या इतिहासात कित्येक पिढ्या जगला गेला, आणि तेथे त्याला मिळालेले उत्तर पुष्कळ तार्किक सिद्धतांपेक्षा अधिक बोलके आहे. गणेशभक्त मोरया गोसावी मोरगावची वारी करीत अखेर चिंचवडला स्थिरावले आणि परंपरेनुसार तेथेच त्यांनी संजीवन समाधी, म्हणजे देहात प्राण असताना स्वेच्छेने पत्करलेली समाधी, घेतली. त्यांच्या वंशात सात पिढ्या गणपतीचा अंश वास करील अशी समजूत पुढे रूढ झाली. वंशजांना ‘देव’ हेच नाव पडले, त्यांच्या दर्शनाला दुरून लोक येऊ लागले आणि संस्थानाला इनाम गावे मिळाली. एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने या ‘वंशपरंपरागत जिवंत देवा’चा वृत्तांत ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात छापला, आणि 1809 मध्ये मारिया ग्रॅहम ही लेखिकाही देवांना पाहून गेली.

या देवांविषयीच्या आख्यायिकांपैकी दोन येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. एका मुघल बादशहाने परीक्षा पाहण्यासाठी मांसाने भरलेले भांडे पाठविले आणि ते उघडताच त्यात फुले निघाली, असे पहिली आख्यायिका सांगते. दुसरी त्याहून विलक्षण आहे: देवांपैकी एकाने, मोरयांची आज्ञा मोडून, त्यांची समाधी उघडून पाहिली, आत ध्यानस्थ असलेल्या मोरयांचे ध्यान भंगले आणि त्यांनी वंश खुंटण्याचा शाप दिला. या गोष्टी घडल्या की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी त्या सांगणाऱ्यांच्या मनाचा ठाव त्यांतून लागतो. पहिली आख्यायिका चमत्काराला पुरावा मानते, आणि पुरावा मागणे हे तर बुद्धीचेच काम आहे. म्हणजे चमत्काराच्या बळावर श्रद्धा पटवून देऊ पाहणारा माणूस बुद्धीला नाकारत नसून तिच्याच न्यायालयात, मात्र उलटतपासणी होणार नाही अशा बेताने, साक्षीदार उभा करीत असतो. दुसऱ्या आख्यायिकेत समाधी उघडणारा परका किंवा निंदक नाही, तो घरातलाच आहे, स्वतः ‘देव’ आहे. पडताळून पाहण्याची ओढ श्रद्धेच्या गाभाऱ्यातही जन्म घेते हे त्या परंपरेने ओळखले होते, आणि म्हणूनच त्या ओढीला शापाचे कुंपण घालावेसे वाटले.

पुढे 1810 मध्ये देवांची थेट वंशपरंपरा खंडित झाली. श्रद्धा जर जिवंत अवताराच्या दाव्यावर उभी असती, तर त्या वर्षी तिने कोसळायला हवे होते. तसे झाले नाही. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरगावला पालखी आजही जाते, आणि गणपतीच्या जयजयकारात उच्चारले जाणारे ‘मोरया’ हे नाव परंपरा याच भक्ताशी जोडते. दावा संपला आणि भक्ती उरली. यावरून असे म्हणावे लागते की ज्याला पुराव्याचा आधार म्हणून मिरविले जात होते, तो या भक्तीचा आधार कधी नव्हताच. ती मोरयांच्या निष्ठेच्या आठवणीवर आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पावलांवर उभी होती.

मग बुद्धीचे येथे काहीच काम नाही काय? आळंदीच्या ज्ञानदेवांचे उत्तर या बाबतीत फार धीट आहे. भारतीय दर्शनांत ज्ञानाच्या साधनाला ‘प्रमाण’ म्हणतात आणि विश्वसनीय पुरुषाच्या किंवा ग्रंथाच्या वचनाला ‘शब्दप्रमाण’; ‘अनुभवामृता’त ज्ञानदेवांनी या शब्दप्रमाणालाच सीमा घातली आहे. आपण सांगतो ते शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून मानलेले नाही, त्यांनी सांगितले नसते तरीही ते तसेच असते, असा त्यांचा आशय आहे. पुढे ‘शब्दखंडन’ या नावाचे स्वतंत्र प्रकरणच त्या ग्रंथात येते. ज्यांच्या समाधीपुढे लाखो माथी टेकतात त्या संताने प्रत्यक्ष देवाच्या वचनालाही अखेरचा आधार मानले नाही, ही गोष्ट वारकऱ्यांनी आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनीही वारंवार आठवावी इतकी मोलाची आहे. तिचा अर्थ श्रद्धा तर्काने सिद्ध करावी असा नव्हे, कारण ज्ञानदेव अखेर तर्कावर नव्हे, अनुभवावर विसंबतात. पण कोणाच्या तरी अधिकाराखाली बुद्धीला गप्प बसविणारी श्रद्धा त्यांना अभिप्रेत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

श्रद्धा जेव्हा अंतःकरणातून बाहेर येऊन दुसऱ्याच्या जिवाशी संबंधित निर्णय घेऊ लागते, तेव्हा मात्र बुद्धीचे काम केवळ उपयोगाचे न राहता कर्तव्य ठरते. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 मध्ये लिहिलेल्या निबंधात एक जहाजमालक येतो: जहाज जुने झाल्याची शंका तो दैवावरच्या विश्वासाने दडपतो आणि प्रवाशांना समुद्रात पाठवतो. त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तसा विश्वास बाळगण्याचा त्याला हक्क नव्हता, आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो दोषीच राहिला असता, असे क्लिफर्ड म्हणतात. प्रत्येक श्रद्धेला हा दंडक लावणे अन्यायाचे होईल. पण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत खंडेनवमीला ज्या पॉवर प्रेसला हळदकुंकू वाहिले जाते, त्या प्रेसवर बोटे वाचविणारा सेन्सर चालू आहे की बंद, येथे तो पुरेपूर लागू पडतो. यंत्राची पूजा ही कामाविषयीची कृतज्ञता आहे आणि तिला कोणत्याही सिद्धतेची गरज नाही. मात्र पूजा झाली म्हणून तपासणी पुढे ढकलणारा मालक कामगाराच्या हाताचा जुगार खेळतो, आणि त्याची भक्ती खरी असली तरी हा अपराध हलका होत नाही.

इंद्रायणीच्या पाण्याबाबत हाच न्याय अधिक कळकळीने लावला पाहिजे. पिंपरी-चिंचवडच्या वाढत्या वस्तीतले आणि कारखान्यांतले प्रक्रिया न झालेले सांडपाणी नदीत मिसळते, आळंदीच्या घाटापाशी पांढरा फेस तरंगतो आणि त्याच पाण्यात वारकरी तीर्थ म्हणून स्नान करतात. नदी पवित्र आहे या भावनेला प्रयोगशाळा छेद देऊ शकत नाही आणि तिने तसा प्रयत्नही करू नये. परंतु पाण्यातली सेंद्रिय घाण कुजविताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात हे मोजणारी ‘जैविक प्राणवायू मागणी’ची चाचणी पवित्रतेविषयी काहीच बोलत नाही, नदी श्वास घेऊ शकते की नाही, एवढेच ती सांगते. त्या चाचणीचा अहवाल महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागण्याचा पहिला हक्क, इंद्रायणीला जो माता म्हणतो त्याचाच आहे. तो हक्क बजावताना त्याच्या श्रद्धेतला कणभरही भाग त्याला बाजूला ठेवावा लागत नाही.