आधी ऊब

बसा. टबाशेजारी, जमिनीवरच.

पाट घ्या, नाहीतर पोतं अंथरा. तुमचे डोळे आणि त्याचे डोळे एका पातळीत येऊ द्या. वरून माणसाची सावली पडली की कासव डोकं आत ओढतं.

पौषातली सकाळ आहे. वडीगोद्रीवरचं धुकं अजून विरलेलं नाही. धुळे-सोलापूर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालाय. आवाज येतो, मोठा होतो, दूर जातो.

जाऊ द्या त्याला.

आता फक्त टब. टबात थोडं पाणी. पाण्यात एक कासव.

पाहा त्याच्याकडे. डोळ्यामागे लाल पट्टा आहे. गळ्यावर पिवळ्या रेघा आहेत. ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. शहरातल्या माशांच्या दुकानातून, काचेच्या भांड्यात बसून ते या घरात आलंय. घरातली पोरं त्याला टर्टल म्हणतात.

कित्येक दिवस झाले, ते खात नाही.

टाकलेले दाणे पाण्यावर तरंगतात. फुगतात. तळाशी बसतात.

आणि तुमच्या मनात घाई उठते. काहीतरी भरवावं. हळूच तोंड उघडून एक घास आत सरकवावा. ज्याच्यावर जीव आहे ते उपाशी राहिलेलं बघवत नाही.

ती घाई ओळखा. तिच्यावर रागावू नका, ती मायेपोटीच आलीय. फक्त तिला सांगा, जरा दम धर.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता त्याचा श्वास शोधा.

छाती वर-खाली होताना दिसणार नाही. कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणा कवचाशी एकजीव झालेले असतात. त्या हलतच नाहीत. श्वास घ्यायला ते पोटाचे आणि पायांजवळचे स्नायू वापरतं.

म्हणून मागच्या पायाजवळ पाहा. पाय जिथं कवचात शिरतो, तिथं मऊ, सुरकुतलेली कातडी आहे. ती किंचित आत जाते.

थांबते.

किंचित बाहेर येते.

पुन्हा थांबते. या वेळी बराच वेळ.

त्या थांबण्यात तुम्हीही राहा. पुढचा श्वास येईल. तो आणायचं काम तुमचं नाही.

आता एक बोट पाण्यात घाला.

गार आहे ना? रात्रभर फरशीवर राहिलेल्या पाण्याचा गारवा. हळूहळू हाडापर्यंत जाणारा.

बोट तसंच राहू द्या. हा गारवा तुमच्या बोटापुरता आहे. त्याच्या मात्र सगळ्या अंगात आहे, रक्तात आहे, पोटात आहे.

आपल्या अंगात ऊब आपोआप तयार होते. कासवाला ती बाहेरून घ्यावी लागते. पाणी गार तर तेही आतून गार. हृदय मंद, हालचाल मंद, आणि पोटातले पाचक रस जवळजवळ थांबलेले. अशा पोटात घास गेला तर तो पचत नाही, तिथंच कुजतो. ओल्या चुलीत लाकडं कोंबून जाळ होत नाही.

घरातलं एखादं म्हातारं माणूस जाता जाता म्हणेल, "आरं, गारठलंय ते. खाईल कसं?"

ते खरंच बोलेल. कासवाच्या उपासाचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं.

म्हणून आधी ऊब. घास नंतर.

एक पसरट भांडं घ्या, फक्त त्याचंच, स्वयंपाकघरात पुन्हा न जाणारं. त्यात कोमट पाणी ओता. किती कोमट? मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. गरम वाटायला नको, गारही वाटायला नको. पाणी उथळ असू द्या. अशक्त कासवाला न पोहता, आरामात डोकं वर ठेवता आलं पाहिजे.

दोन्ही हातांनी त्याला उचला. खालून आधार द्या. कवचाचा गारवा तळहाताला जाणवू द्या.

आणि ठेवा पाण्यात.

आता काही करू नका.

पाहा.

पहिल्यांदा काहीच होत नाही. मग एक पुढचा पाय सैल पडतो. बोटांमधला पडदा उघडतो. मान थोडी बाहेर येते, तिच्यावरच्या पिवळ्या रेघा लांबतात. नाकपुडी पाण्याला टेकते. गळ्याखालची कातडी बारीक हलते.

ते पाणी पितंय.

उपाशी जिवाला अन्नाच्या आधी पाणी लागतं. हे पिणं डोळे भरून पाहा. घशाखाली जाणारा एकेक घोट.

पाणी निवायला लागलं की त्याला बाहेर काढा, कोरड्या फडक्यानं टिपा. वीसेक मिनिटं पुरेत. उद्या पुन्हा. परवा पुन्हा.

बाकीच्या वेळी टबातलं पाणी 26-27 अंशांवर राहू द्या. एक सपाट दगड असा ठेवा की ते पूर्ण पाण्याबाहेर येऊन बसू शकेल. दगडावर दिवा टांगा, पाण्यात पडणार नाही असा घट्ट बांधून. दगडापाशी ऊब 30 ते 32 अंश हवी. अंदाजावर राहू नका, थर्मामीटर ठेवा. वीज जायची रात्र असेल तर बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून टबाला बाहेरून लावून ठेवा.

आणि ऊन.

धुकं विरलं की अंगणात या. थेट ऊन हवं, खिडकीच्या काचेतून आलेलं नको. उन्हातले जे किरण कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार करतात, ते काच अडवते. ते जीवनसत्त्व नसलं की कवच मऊ पडत जातं. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच ठेवू नका, आतलं पाणी बघता बघता तापतं. पसरट टब घ्या आणि निम्म्या टबावर सावली धरा. किती ऊन घ्यायचं ते त्याला ठरवू द्या.

तुम्ही जवळच बसा. तुमच्याही पाठीवर ऊन येऊ द्या.

इथून नदी लांब नाही. शहागडापाशी गोदावरी वाहते. तिच्याच वरच्या अंगाला आपेगाव, ज्ञानेश्वरांचं जन्मगाव, आणि पैठण, एकनाथांचं. आपल्या संतांच्या बोलण्यात कासवी येते. ती पिलांना पाजत नाही, पोटाशी धरत नाही. नुसत्या नजरेनं त्यांना पोसते.

खरी कासवी तर एवढंही करत नाही. काठाच्या मातीत अंडी घालते, माती सारते आणि पाण्यात परत जाते. पिलं बाहेर येतात तेव्हा कुणी पाहणारं नसतं.

तरी मला ती संतांची कासवी खोटी वाटत नाही. या टबापाशी बसून तर मुळीच नाही.

कारण न खाणाऱ्या जिवाला तुम्ही या घडीला जे देऊ शकता, ते बहुतेक सगळं नजरेतूनच जातं.

म्हणून पुन्हा पाहा. आता बारकाईनं.

डोळे पाहा. उघडे आहेत? पापण्या सुजून मिटल्यात का? नुसत्या वाळलेल्या झिंग्यांवर वाढलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पापण्या सुजतात. मग त्याला घास दिसतच नाही. आपल्याला वाटतं, ते नाकारतंय.

नाक पाहा. बुडबुडे येतात? तोंड उघडं टाकून ते श्वास घेतं?

पोहताना पाहा. एका कुशीवर कलतं का? तसं असेल तर फुप्फुसात आजार असू शकतो.

मादी असेल आणि मागच्या पायांनी सारखी उकरत असेल, तर पोटात अंडी असू शकतात. नर जवळ नसला तरी मादी अंडी धरते. घालायला माती मिळाली नाही की खाणं सोडते.

यातलं काही दिसलं तर आणखी वाट पाहू नका. गावातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. त्यांना विचारा, पण छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात कासवं तपासणारे डॉक्टर गाठा. फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवा. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन स्वतः देऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलून निघते. नळीनं भरवायची वेळ आलीच तर ते डॉक्टरांनीच करावं. तेही आधी शरीरात पाणी भरतील, मग पातळ अन्न, तेही थोडंथोडं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर अन्न एकदम आदळलं तर ते झेपत नाही.

थोडं थांबा.

आणखी एक पाहायचं राहिलं. हे कासव कोणतं आहे?

जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेला, विहिरीत, उसाच्या सरीत आपलं गावठी कासव सापडतं. पाठ गुळगुळीत, आणि मागचे पाय खालून झाकणाऱ्या दोन झडपा. टबात तसं कासव असेल, तर ते पाळायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलंय. पाणी आटलं की ते चिखलात शिरून महिनोन्‌महिने न खाता राहतं, तो त्याचा स्वभाव आहे. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

लाल पट्टा असेल, तर बसा परत.

काही दिवस ऊब मिळालीय. काही दिवस ते कोमट पाण्यात बसलंय. आज ते आपणहून दगडावर चढलंय. मान पूर्ण बाहेर. मागचे दोन्ही पाय उन्हाकडे ताणलेले, बोटं फाकलेली.

आता घास.

मोसंबीच्या झाडाखाली, ठिबकची नळी जिथं टपकते, तिथली ओली माती हातानं सारा. फवारणी झालेली नसेल तिथलीच. एक लहान गांडूळ मिळेल. धुऊन घ्या.

पाण्यात सोडा. पाण्यातच, या जातीला पाण्याबाहेर गिळता येत नाही.

हात मागे घ्या. श्वास सोडा.

गांडूळ वळवळतं. गोल होतं, सुटतं.

कासवाचा डोळा फिरतो.

मान खाली येते. थांबते. नाक गांडुळाजवळ जातं, गळा हलतो, ते पाण्यातला वास घेतंय. तुमच्या मनात "खा" असा शब्द उठेल. उठू द्या. त्याला तोंडापर्यंत आणू नका.

कदाचित ते मान वळवेल. मग गांडूळ काढा, उद्या पाहू.

कदाचित झडप घालेल. पुढच्या पायांच्या नख्यांनी ओढेल, तोडेल, गिळेल.

गिळलं, तरी दुसरं लगेच टाकू नका. एवढं पोटाला पेलू द्या. टबातलं पाणी बदला. साबणानं हात धुवा, पोरांनाही धुवायला लावा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो. आठवड्यातून एकदा वजन करा, त्याच्याचसाठी ठेवलेल्या काट्यावर, आणि कॅलेंडरवर लिहा. ग्रॅमचा आकडा वाढतोय की घटतोय, हे नजरेला लवकर कळत नाही.

मग हळूहळू घोळीची पानं, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा. मुरमुरे नकोत, पोळी नको, दूध तर नकोच.

ते बरं होईल, तेव्हा तुमच्या मनात एक गोष्ट येईल. याला गोदावरीत सोडावं. मोकळं करावं.

त्या विचारापाशीही थोडं बसा.

तो चांगल्या मनातून आलाय, पण सोडू नका. परक्या पाण्यात पसरून तिथल्या जिवांचं जगणं हिरावणाऱ्या शंभर जातींची एक जागतिक यादी आहे, त्यात या कासवाचं नाव आहे. आपल्या नदीतल्या कासवांची जागा आधीच आक्रसत चाललीय.

ते तुमच्याकडे वीस वर्षं, त्याहूनही जास्त राहील. तळहाताएवढं आहे, ते ताटाएवढं होईल. हा टब त्याला पुरणार नाही. अंगणात सकाळचं ऊन कुठवर येतं ते आजच पाहून ठेवा, आणि मोठ्या हौदाला तिथं जागा धरा.